उजवी चौदा, डावी नऊ

"मासे चालणार नाहीत म्हणजे नाहीत," आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्याच्या वळणावर उभे राहून ओरडत होते. "ओले नाहीत, सुके नाहीत आणि कुरिअरने आलेले तर मुळीच नाहीत. खालची चारही घरं माळकरी आहेत."

त्यांच्या हातात माझ्या नावाचं जाडजूड पाकीट होतं. पाठवणाऱ्याच्या जागी कोकणातल्या एका प्रकल्पाचा शिक्का होता, आणि त्या शिक्क्यात देवमासे आणि डॉल्फिन हे दोन्ही शब्द ठळक उठले होते. पाकीट त्यांनी चिमटीत, शेपटीला धरल्यासारखं, अंगापासून लांब धरलं होतं.

"साहेब, सावकाश," मी वरच्या मजल्यावरून म्हणालो. "देवमासा आहे. घड्या घालून बसवलाय. उलगडला तर शेपूट पार अंबडच्या नाक्यावर निघेल."

"थट्टा करू नका. वास येतोय."

"कसला?"

त्यांनी पाकीट नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि मनात आलेलं नाकाला किती चटकन पटतं ते मी त्या दिवशी पाहिलं. "बोंबील," ते म्हणाले.

पाकिटात फोटो होते. नुकतेच धुऊन आलेले, आणि वास असलाच तर स्टुडिओतल्या औषधाचा. मी ते जिन्यातच उघडून दाखवले. एकामागून एक तेच: राखाडी पाणी आणि पाण्यातून वर आलेला एक काळपट त्रिकोण. सेक्रेटरींनी आठ-दहा फोटो पाहिले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यावर होतो तसा.

"वहिनी कधी येणार आहेत हो?" त्यांनी विचारलं.

त्या काळात मला भेटणारा प्रत्येक माणूस बोलणं फिरवून फिरवून याच प्रश्नाच्या दारात आणून सोडायचा. पानवाला, डबा देणाऱ्या मावशी, कंपनीच्या गेटवरचा वॉचमन. नाशिकच्या सिडकोत एकट्या पुरुषाचा फ्लॅट म्हणजे रस्त्यावरचा उघडा खड्डा. पडत कोणी नाही, पण डोकावून सगळेच जातात.

बायको येवल्याला होती. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मी त्याची अशी गोष्ट केली असती की लोकांनी गाड्या करून ऐकायला यावं. पण सांगावं असं काही घडलेलंच नव्हतं. ती येवल्याजवळच्या एका शाळेत शिक्षिका, मी अंबडला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न झालं तेव्हा ठरलं होतं की वर्ष-दोन वर्षांत ती विनंती बदलीचा अर्ज भरेल आणि नाशिकला येईल. मग माझे सासरे आजारी पडले. ते गेले. मग सासूबाई एकट्या पडल्या. मग सासूबाईही गेल्या. कारणं एकेक करून संपली, तरी दर वर्षी एप्रिलात अर्जाची मुदत यायची आणि निघून जायची, आणि मी मे महिन्यात आंब्याची पेटी घेऊन येवल्याला जायचो.

येवला काही चंद्रावर नाही. स्टँडवरून एसटीत बसायचं, की निघालात. फक्त ती एसटी निफाडला एवढा वेळ थांबते की तेवढ्यात माणसाने उतरून द्राक्षाची वेल लावावी, घड धरावेत, वाळवावेत आणि मनुके खात खात परत जागेवर येऊन बसावं. सुरुवातीला मी दर शनिवारी जायचो. मग एकाआड एक शनिवार. मग सणावारी. जावई नेहमीच आला की पाहुणा राहत नाही, आणि क्वचित आला की पाहुणाच होतो. मी दुसऱ्या जातीत गेलो होतो. बायको मला बसायला खुर्ची द्यायची.

रविवारी सकाळी फोन असायचा.

"जेवण?"

"झालं. शाळा?"

"चाललीय."

पुढचं बोलणं ज्याचं त्याने आपापल्या गावी शोधायचं.

अशात एका रविवारी पेपरात चौकट पाहिली. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर देवमासे आणि डॉल्फिन यांची पाहणी करायला स्वयंसेवक हवे होते. राहायची सोय, जेवण साधं, पोहता येणं आवश्यक. मला पोहता येत होतं, म्हणजे रामकुंडाची पायरी धरून. अर्जात मी लिहिलं की गोदावरीच्या पुरात उडी टाकून एक म्हैस वाचवली आहे. म्हैस वाचली हे शंभर टक्के खरं. ती माझ्यामुळे वाचली, की मी पाण्यात उतरेपर्यंत आपली आपण काठाला लागली होती, ते म्हशीला विचारावं.

डिसेंबरात शिल्लक रजा टाकून मी गेलो. पहिल्याच दिवशी, होडी खाडीच्या तोंडातून बाहेर पडली आणि मी लहानपणापासून खाल्लेला सगळा चिवडा समुद्राला साभार परत केला. होडीवाला सुकाणूवरून बघत होता. "ओ नाशिककरानू," तो म्हणाला, "खाली कित्याक बघतास? थंय मासो नाय, तुमचो चिवडो आसा."

प्रकल्पाच्या मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मला काका म्हणायच्या. समुद्रावर असताना त्या हसत नसत, आणि दुसरं कोणी हसलं तर त्याला दुर्बीण पुसायला द्यायच्या. मी पंधरा दिवसांत इतक्या वेळा दुर्बीण पुसली की तिच्यातून परवाचं दिसायला लागलं.

पहिला डॉल्फिन दिसला तेव्हा मात्र मला चेष्टा सुचली नाही. मी समजत होतो पाणी उसळेल, सर्कस होईल. तसलं काही नाही. आधी आवाज येतो, फुस्स, शिटी व्हायच्या आधी कुकर सोडतो तसा. तो श्वास. मान वळवून बघावं तर एक ओली पाठ गोल फिरून खाली जात असते, पाठीवर तो त्रिकोण, आणि मग पुन्हा पाणी. बस्स. एवढ्यासाठी मी नाशिकहून आलो होतो, आणि ते पुरलं. आपल्यासारखाच कोणी तिथे श्वास घ्यायला वर येतो आणि कोणाला काही न सांगता निघून जातो, हे बघून का कोण जाणे मला बरं वाटलं.

देवमासाही मी पाहिला. लांब, क्षितिजाजवळ, फवारा आणि पाठ. मॅडमनी विचारलं केवढा होता, मी म्हटलं पाच एसटी एकापुढे एक लावल्या तर चौथीच्या कंडक्टरपर्यंत. त्यांनी टिपणात 'अनिश्चित' लिहिलं. तो देवमासा माझ्या नावावर अजून कोणी मांडलेला नाही, पण तो पुढे कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दर महिन्याला एक एसटी वाढत गेला, त्याची भरपाई तिथे झाली.

निघायच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, एक बोलू का? तुम्ही पाण्यात काही कामाचे नाही."

"मान्य."

"पण डोळा चांगला आहे. घरी बसून काम कराल?"

ते काम असं. डॉल्फिनच्या पाठीवरच्या त्या त्रिकोणाला पर म्हणतात. जाळ्यांनी, आपसातल्या मारामाऱ्यांनी पराच्या मागच्या कडेला खाचा पडतात, आणि एकाच्या खाचा दुसऱ्यासारख्या नसतात. त्यावरून जनावर ओळखायचं. नवे फोटो जुन्यांशी ताडायचे: हा तोच, हा नवा, तो यंदा आलाच नाही. डावीकडून काढलेल्या फोटोंचा गठ्ठा वेगळा, उजवीकडून काढलेल्यांचा वेगळा, नंबरही वेगळे. कारण पाण्यात एक बाजू दिसते आणि दुसरी बाजू दाखवायला जनावर काही वळून उभं राहत नाही. कुठली डावी कुठल्या उजवीची, ही गाठ घालणं फार पुढचं काम, आणि ते मॅडमचं. मला सांगणं एवढंच होतं: डावे डाव्यांत लावा, उजवे उजव्यांत लावा, मध्ये डोकं लावू नका.

आता यातली गंमत अशी की जन्मभर मी दुसरं काही केलंच नव्हतं. कंपनीत माझ्याकडे एक यंत्र होतं. त्यात सुटा भाग ठेवला की त्याची सावली काचेवर दहापट मोठी होऊन पडते. त्या सावलीवर बटर पेपरवर काढलेलं ड्रॉइंग ठेवायचं. रेघेवर रेघ बसली की माल पास. आणि आमच्या खात्यात महापाप एकच होतं: बटर पेपर उलटा ठेवणं. उलट्या ड्रॉइंगवर पास झालेला माल गिऱ्हाइकाकडून परत येतो, आणि ज्याने पास केला तो माणूस परत येत नाही. म्हणून मी प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बाण काढायचो. बाण वर, तोंड आपल्याकडे. इतक्या वर्षांत माझा एक कागद कधी उलटा पडला नाही. झोपेत कूस बदलतानासुद्धा मी आधी बाण कुठे आहे ते बघायचो.

घरीही तेच सुरू केलं. प्रत्येक पराची कड बटर पेपरवर उतरवायची, कोपऱ्यात लाल बाण, आणि नवीन फोटो आला की एकेक कागद त्यावर ठेवून बघायचा. पुढल्या खोलीत दोरी बांधून कागद चिमट्यांनी लावले. डाव्या भिंतीला डावे, उजव्या भिंतीला उजवे. संध्याकाळी शिफ्ट संपवून आलो, डबा उघडला की पंखा लावायचो आणि दोन्ही भिंती हलायला लागायच्या. कोणीतरी घरात हललं की बरं असतं. मी त्यांना दिवसभराचं सांगायचो. सुपरवायझर कसा माझ्यापुढे थरथर कापला, मॅनेजरने स्वतः चहा कसा आणून दिला. भिंतींनी कधी तोंडावर खोटं पाडलं नाही.

कंपनीत मात्र सुटका नव्हती. "काय देवमासे," कॅन्टीनमध्ये टेबलावरून आवाज यायचा, "आज गंगापूर डॅमला भरती किती वाजता?"

"तुझी आंघोळ झाली की," मी म्हणायचो.

दोन हिवाळ्यांनंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. उजव्या भिंतीवर चौदा नंबर होता. खाली जवळजवळ दोन खाचा, जरा वर एक खोल खाच, आणि अंगावर तिरका पांढरा ओरखडा, कपाळावरून भांग उलटा पडावा तसा. डाव्या भिंतीवर नऊ नंबर होता. त्यालाही मागे खाचा, पण अंग स्वच्छ, नितळ. आणि फोटोमागच्या तारखा बघितल्या तर ज्या दिवशी चौदा, त्याच दिवशी नऊ. खाडीच्या तोंडाशी चौदा, तर नऊही खाडीच्या तोंडाशी. मागच्या वर्षी तसंच, त्याच्या मागच्या वर्षीही. एकदाही चुकामूक नाही.

मला काय समजायचं ते मी समजलो. चौदा नवरा. तापट, भांडकुदळ, ओरखडे घेऊन घरी येणारा. नऊ बायको. शांत, अंगाला डाग लागू न देणारी. आणि दोघं कधी एकमेकांना सोडून राहत नाहीत.

मॅडमना मी हे कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी लगेच त्यात शास्त्र घातलं असतं. मी कळवलं येवल्याला.

"जेवण?" रविवारी बायकोने विचारलं.

"झालं. अगं, एक जोडपं आहे."

"कुठे? शेजारी?"

"समुद्रात."

मग मी सुरुवात केली. नवरा पुढे, बायको जरा मागे. तो जाळ्यात अडकला तेव्हा तिने तीन दिवस जाळ्याला फेऱ्या मारल्या. जाळं मी दातांनी तोडलं असंही मी सांगणार होतो, पण आवरलं.

"मग?" ती म्हणाली.

दहा वर्षांत तिने मला 'मग' असं विचारलं नव्हतं.

तिथून पुढे रविवारचा फोन लांबत गेला. ती जेवणाचं विचारायची विसरली आणि आधी त्या दोघांचं विचारू लागली. "काय म्हणतं तुमचं जोडपं?" मी आठवडाभर त्यांचा संसार जुळवायचो. नऊ रुसली, चौदाने तिला बांगडा आणून दिला. पावसाळ्यात दोघं गोव्याला जाऊन आली. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुम्ही मोजून थापा मारता की अंदाजाने?" पण फोन ठेवला नाही. एकदा म्हणाली, "दोघांचा एकत्र फोटो पाठवा की एखादा."

"लाजतात," मी म्हटलं.

"कॅमेऱ्याला?"

"जनात. जुन्या वळणाची आहेत."

ती हसली.

तुम्हाला वाटेल हा माणूस गोष्टी सांगून वेळ काढत होता. मी काही साधा नव्हतो. डोक्यात एकच होतं: एप्रिल. दर गोष्टीच्या शेपटाला मी एक वाक्य बांधायचो, सहज पडल्यासारखं. "जनावरं असून बघ, एका जागी राहतात." "समुद्र एवढा मोठा, पण दोघांना एकच खाडी पुरते." ती ऐकायची. नाही म्हणायची नाही, हो म्हणायची नाही. त्या वर्षी एप्रिल लागताच मात्र ती स्वतःहून म्हणाली, "अर्ज सुटलेत. मुदत महिनाअखेर आहे." मी म्हटलं, "हो का." इतक्या कोरड्या आवाजात म्हटलं की माझं मलाच कौतुक वाटलं. आणि फोन ठेवून संडासाची बादली बदलली, खिडक्यांचे पडदे धुवायला काढले, आणि चुना आणून स्वयंपाकघराची भिंत रंगवली. सेक्रेटरींनी विचारलं, "वहिनी येणार वाटतं?" मी म्हटलं, "चौकशी चाललीय."

मुदत संपली त्याच्या पुढच्या रविवारी ती आली. न कळवता. सकाळी दार वाजलं, मी उघडलं, समोर ती, हातात कापडी पिशवी, एसटीची धूळ केसांवर. पाच-सहा वर्षांत ती या घरात आली नव्हती. आत आली आणि दोन्ही भिंतींवर हलणारे कागद बघत मधोमध उभी राहिली.

"ही सगळी ती?"

"सगळी. बस. चहा टाकतो."

"कुठलं जोडपं?"

मी चौदाचा कागद उजव्या भिंतीवरून काढला, नऊचा डाव्या भिंतीवरून. टेबलावर तिच्यापुढे ठेवले, शेजारी फोटो लावले. पाहुण्यांपुढे मुलं उभी करावीत तसं वाटत होतं. चहा टाकायला आत गेलो तरी कान बाहेर होते. बाहेरून कागदांची सळसळ येत होती. दूध उतू जाण्याच्या बेतात आलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, जरा या."

मी सांडशी हातात घेऊनच आलो. तिने टेबलावर एकच कागद ठेवला होता. म्हणजे मला एकच दिसला. खाली दोन खाचा, वर एक खोल. मी म्हटलं, "हा चौदा. नऊ कुठे ठेवलास?"

"खालीच आहे."

तिने वरचा कागद बोटाने उचलला. खाली नऊ. परत सोडला. रेघेवर रेघ बसली. खाचेत खाच, टोकावर टोक, केसाइतकाही फरक नाही. माझ्या यंत्रावर असा माल आला असता तर मी डोळे मिटून पास केला असता. मग मला तो लाल बाण दिसला. वरच्या कागदाचा बाण भलत्याच कोपऱ्यात होता, आणि कागदाच्या मागून फिकट दिसत होता.

"उलटा ठेवलास तू," मी म्हणालो.

"हो."

"उलटा ठेवायचा नसतो."

"का?"

तिचं माहेर पैठणी विणणारं. ती कागदाची कड सरळ करत म्हणाली, "आमच्याकडे साडीला उलटी बाजू नसतेच. दोन्हीकडून सारखीच विणतात. मी आपला सवयीने फिरवून पाहिला." मग फोटो हातात घेऊन एकेक लावत गेली. चौदाचा फोटो, नऊचा फोटो, चौदा, नऊ. "एकाही फोटोत दोन पर नाहीत. ही एकच आहे. इकडून काढली की तुमचा नवरा, तिकडून काढली की बायको."

"ओरखडा?"

"एकाच अंगाला असेल. पडलेली माणसं काय दोन्ही अंगांनी पडतात?"

आत दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, दोनदा पुसला. नव्या चुन्यावर दुधाचा ओघळ आला होता तोही पुसला. बाहेर आलो तर तिने कागद पुन्हा आपापल्या भिंतींवर लावून ठेवले होते. चिमटेसुद्धा मी लावतो तसेच.

चहा तिने अर्धा घेतला. मग म्हणाली, "मी अर्ज भरला नाही."

माझी नजर भिंतीवरच्या कागदांकडे गेली.

"ह्यामुळे नाही," ती भिंतीकडे न बघता म्हणाली. "मुदतीतच ठरवलं होतं. फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून आले. शाळेत आता माझ्याकडेच सगळं असतं. घर आहे. तिथं माझं बरं चाललंय."

"इथेही बरं चाललं असतं."

"असेल."

"पुढच्या वर्षी?"

"नाही. पुढच्या वर्षीपण नाही. उगीच भिंती रंगवत बसू नका."

मला त्या क्षणी चाळीस गोष्टी सुचत होत्या. मी असा बोलणारा माणूस की मालेगावच्या बाजारात म्हशीला तिचीच शिंगं विकेन. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं, एसटीची धूळ तेवढी होती. ज्याच्यावर काही चालवावं असं तिथे काही नव्हतं. मी म्हटलं, "जेवून जा." तिने पिठलं केलं, मी भाकरी थापल्या, माझ्या भाकरीला नकाशात जागा मिळेल इतके कंगोरे असतात. तिने दोन खाल्ल्या. दुपारी स्टँडवर तिला येवल्याच्या गाडीत बसवलं. खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत आम्ही कांद्याच्या भावाबद्दल बोललो.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर मॅडमना फोन लावला. सांगितलं की उजवी चौदा आणि डावी नऊ एकच आहे. कसं कळलं ते सांगितलं, कोणी पाहिलं तेही सांगितलं. पलीकडे कागदांची उलथापालथ ऐकू येत राहिली, आणि मग मॅडम, ज्या समुद्रावर हसत नसत, त्या हसल्या.

"काका, तुम्हाला कळतंय का हे काय झालंय? आमच्याकडे दोन्ही बाजू पक्क्या माहीत असलेलं एकही जनावर नव्हतं. हे पहिलं."

"म्हणजे चांगलं झालं?"

"फार चांगलं. सगळे कागद आता उलटून बघा. आणि नऊ नंबर काढून टाका. तिला एकच नंबर राहील, चौदा."

"ती? मादी आहे?"

"परावरून नाही कळत. मी आपली ती म्हणते." मग म्हणाल्या, "एक मात्र आहे. ही कुठल्याच टोळीत नसते. होडीवाले सांगतात, इतकी वर्षं खाडीच्या तोंडाशी एकटीच फिरते. आम्ही त्यांचं धरत नव्हतो, कारण तुम्ही पाठवलेल्या याद्यांत त्याच तारखांना शेजारी दुसरा नंबर दिसायचा."

फोन ठेवला आणि डाव्या भिंतीवरून नऊचा कागद काढला. काढला म्हणजे चिमटा दाबला, तो माझ्या हातात आला. घडी घालावी, फाडावा, की चौदाच्या मागे लावावा, यातलं काहीच करवेना, तर तसाच टेबलावर ठेवून वर चहाचा कप ठेवला. पंखा लावला होता ना, उडाला असता.

मग पुढच्या आठवडाभर रोज संध्याकाळी कागद उलटे करून बघत बसलो. आणखी दोन गाठी जमल्या. कॅन्टीनमध्ये कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? देवमाशाला एसटी जोडता येतात, इथे तर एक नंबर वजा झाला होता. त्याला फुगवून सांगायची रीत मला माहीत नव्हती.

रविवारी फोन वाजला. मला वाटलं नव्हतं ती करेल.

"जेवण?"

"व्हायचंय. मॅडम खूश आहेत तुझ्यावर. म्हणाल्या, पहिल्यांदाच असं झालं. तुझं नाव लिहिणार आहेत कुठेतरी."

"लिहू देत."

"आणि ते एकच आहे, बरोबर. चौदा ठेवलाय. नऊ काढला."

"हं."

मी नेहमीसारखा संसार रचायला गेलो आणि हाताशी काही लागेना. तिकडे शेजारच्या घरात कोणाचा तरी माग चालू होता, त्याचा खटका फोनमधून येत होता. तेवढ्यावर फोन ठेवता आला असता. पण मी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं, त्यात कुठलंही शेपूट बांधलं नव्हतं.

"अगं, बाकीच्यांच्या टोळ्या असतात. जातात, येतात, सगळी बरोबर. हीच तेवढी इतकी वर्षं त्या एका खाडीच्या तोंडाशी एकटी राहते. का राहत असेल गं?"

"तिथं मासे मिळत असतील," ती म्हणाली.